जुन्या वाहनाला विजेचा लगाम

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी गॅरेजमधल्या मिस्त्रीचा वाटण्याचा संभव आहे. जुन्या मोटारीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बसवावे काय, बसवायचे झाल्यास कोणत्या वाहनाला, कोणी आणि कोणत्या अटींवर, असा हा विषय आहे. परंतु आपल्या दोन तालुक्यांत तो मिस्त्रीपुरता मर्यादित राहत नाही. उन्हाळ्यात पाड्यावर पाणी पोहोचविणारा टँकर, मुलांना शाळेत नेणारी गाडी, आठवड्याच्या बाजाराला किंवा पौषात म्हशाच्या यात्रेला माणसे नेणारी जीप, यांपैकी पुष्कळ वाहने जुनी असतात. त्यांच्या चालीवर ज्या एका साध्या यंत्रणेचे नियंत्रण असते, तिच्याविषयी पंचायतीने, शाळेने आणि कार्यालयाने थोडेबहुत जाणून घेणे अगत्याचे आहे.

माझे मुख्य म्हणणे प्रारंभीच सांगून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची सुरक्षितता ते उघडमीट करणाऱ्या विजेच्या मोटरीवर अवलंबून नसते. ती त्याच्या पोटातील पडताळणीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. त्या व्यवस्थेसह ते बसविले तर उपकारक ठरते. ती व्यवस्था वगळून बसविले तर जुन्या साध्या तारेपेक्षा ते अधिक घातक होऊ शकते. हे तत्त्व एकदा ध्यानात आले की पुढचे निर्णय फारसे अवघड नाहीत.

रेस देणे म्हणजे काय?

ड्रायव्हर 'रेस दिली' असे म्हणतो, तेव्हा इंजिनात नेमके काय घडते? पेट्रोलच्या इंजिनात हवा आत जाण्याच्या मार्गावर एक गोल पातळ झडप असते. पाय दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. अधिक हवा आत गेली की त्या प्रमाणात पेट्रोल मिळते आणि इंजिनाचा जोर वाढतो. ही झडप म्हणजे थ्रॉटल. जुन्या मोटारींत ती कार्बुरेटरच्या अंगातच बसविलेली असे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. ही मोटार ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. पण तिच्या पिढीतील कार्बुरेटरच्या खाजगी मोटारी हौसेने सांभाळणारी माणसे आजही आहेत.

डिझेल इंजिनाची रीत निराळी आहे. जुन्या डिझेल जीपमध्ये, ट्रकमध्ये किंवा टँकरमध्ये हवेच्या मार्गावर अशी झडप सामान्यतः नसते. पायाखालचे पेडल थेट डिझेल पंपावरील दांडी हलविते आणि पंप किती डिझेल सोडणार हे त्यावरून ठरते. इंजिन प्रमाणाबाहेर फिरू नये म्हणून पंपातच एक यांत्रिक नियंत्रक असतो. म्हणून 'जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बसवून देतो' असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न विचारावा: गाडी पेट्रोलची की डिझेलची, आणि पेट्रोलची असेल तर कार्बुरेटरची की इंजेक्शनची? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

तारेचे गुण आणि तारेचे दोष

पेडलपासून थ्रॉटलपर्यंत किंवा पंपापर्यंत जाणारा जुना दुवा म्हणजे नळीतून जाणारी पोलादी तार अथवा लोखंडी दांड्यांची जोडणी. तिचा मोठा गुण असा की ती उघड असते. डोळ्यांनी दिसते, हाताला कळते, आणि तालुक्याच्या गावी कोणताही जाणता मिस्त्री ती बदलू शकतो. थ्रॉटल मिटविण्याचे काम एक स्प्रिंग करते. पाय उचलला की स्प्रिंगने झडप ओढून घेतली पाहिजे, हा या साऱ्या रचनेचा प्राण आहे.

दोषही स्पष्ट आहेत. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा आणि रस्ता दोन्ही ओले असतात. नळीत पाणी शिरते, तार गंजते, तिचे एकेक सूत तुटून नळीच्या तोंडाशी अडकते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरची धूळ त्याच नळीत बसते. स्प्रिंग वर्षानुवर्षे ताणून मऊ पडते. मग एक दिवस पाय उचलूनही रेस खाली येत नाही.

सपाट रस्त्यावर याने घबराट उडते. घाटात त्याचे परिणाम अधिक गंभीर होतात. कसाऱ्याचा थळ घाट शहापूरच्या टोकाला आहे, माळशेज घाट मुरबाडच्या टोकाला. दोन्ही उतरताना खालच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण उचलून, इंजिनाच्या रोधावर गाडी आवरावी लागते. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. परंतु इंजिनाचा हा रोध थ्रॉटल किंवा पंपाची दांडी पूर्णपणे मागे आली तरच मिळतो. ती अर्धवट अडकून राहिली तर गाडीला आवरणारे इंजिनच तिला पुढे ढकलू लागते. म्हणून घाटाखालच्या तालुक्यांत राहणाऱ्या आपणांस रेसची तार ही किरकोळ बाब मानून चालणार नाही.

विजेचा लगाम कसा चालतो?

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पेडल आणि झडप यांच्यामधली तार नाहीशी होते. तिच्या जागी चार कामे करणारी व्यवस्था येते. पहिले काम संवेदनेचे. पाय किती दाबला आहे हे पेडलजवळील संवेदक विजेच्या दाबाच्या रूपाने कळवितो. दुसरे काम विचाराचे. इंजिनाचा छोटा संगणक ही सूचना, इंजिनाचा वेग, तापमान इत्यादी गोष्टी पाहून झडप किती उघडावी हे ठरवितो. तिसरे काम स्नायूंचे. थ्रॉटलला जोडलेली विजेची छोटी मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने झडप फिरविते. चौथे काम पडताळणीचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे.

पडताळणी अशी. पेडलवर एक नव्हे तर किमान दोन संवेदक असतात, आणि त्यांचे आकडे मुद्दामच भिन्न ठेवलेले असतात. काही रचनांत एकाने २ व्होल्ट दाखविले तर दुसऱ्याने १ व्होल्ट दाखवावे, असे नाते ठरलेले असते. एखादी तार तुटली, जोडात पाणी गेले किंवा दोन तारा एकमेकींस चिकटल्या, तर हे नाते बिघडते आणि संगणकाला लबाडी तत्काळ कळते. थ्रॉटलवरही असेच दोन संवेदक असतात. झडप सांगितल्याप्रमाणे फिरली की नाही हे ते पाहतात. खुद्द संगणकाच्या हिशेबावरही देखरेख ठेवणारी स्वतंत्र योजना असते. कोठेही विसंगती आढळली की मोटरीची वीज तोडली जाते आणि स्प्रिंग झडपेला जवळजवळ मिटलेल्या जागी आणून सोडते. तेवढ्या फटीतून गाडी रांगत रस्त्याच्या कडेला नेता येते. अधिक वेग मात्र घेता येत नाही.

दोन जबाबदार माणसांच्या सह्या असल्याशिवाय पंचायतीचा पैसा खर्च पडत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. येथेही तत्त्व तेच. दोन साक्षी जुळल्याशिवाय इंजिनाला जोर मिळत नाही. ज्याने एकच संवेदक जोडला, किंवा दोन जोडून त्यांची तुलना करणारी व्यवस्था बंद ठेवली, त्याने यंत्र आधुनिक केले असे म्हणता येणार नाही. त्याने फक्त दुसरी सही पुसून टाकली.

जगाचा अनुभव

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपल्या मोठ्या बारा सिलिंडरच्या मोटारीत ही पद्धत आणली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, इंधन आणि हवा यांचा हिशेब अधिक काटेकोर करावा लागला, आणि तारेची जागा बहुतेक नव्या मोटारींत विजेने घेतली. भारतात एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली. आज कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीत ही पद्धत सर्रास आढळते.

या पद्धतीवर एकदा मोठा संशयही आला. २००९ आणि २०१० साली टोयोटा कंपनीच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशा तक्रारी अमेरिकेत झाल्या आणि लक्षावधी मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेथील परिवहन खात्याने अंतराळ संशोधन करणाऱ्या 'नासा' संस्थेच्या अभियंत्यांकडून इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेची कसून तपासणी करवून घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. थ्रॉटल मोठ्या प्रमाणात उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष तपासणीत सापडला नाही. जी दोन कारणे निश्चितपणे हाती लागली ती यांत्रिक होती: पायाखालची चटई सरकून पेडल तिच्यात अडकणे, आणि पेडल स्वतःच चिकट होऊन मागे येण्यास विलंब लागणे.

या प्रकरणातून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की कारखान्यात विचारपूर्वक तयार केलेली व्यवस्था सहसा उगीच दगा देत नाही. दुसरी अधिक जवळची आहे. जीपमध्ये किंवा टँकरच्या केबिनमध्ये पेडलखाली जुने पोते, सुटी चटई, पाण्याची बाटली किंवा पाना टाकून ठेवण्याची सवय आपल्याकडेही आढळते. तार असो वा वीज, पेडलच अडकले तर दोन्ही निरुपयोगी आहेत.

जुन्या मोटारीला बसवायचे झाल्यास

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लोक जुन्या मोटारीला ही व्यवस्था का बसवू पाहतात? कोणी जुन्या गाडीत नवे इंजिन टाकतो, आणि त्या इंजिनाला तारेची सोयच नसते. कोणाला महामार्गावर वेग स्थिर ठेवणारी सोय हवी असते. काही दिव्यांग चालकांना पायाऐवजी हाताने रेस देता यावी अशी गरज असते, आणि हे कारण माझ्या मते सर्वांत आदरणीय आहे. पुष्कळ वेळा मात्र कारण एवढेच असते की शहरातल्या कोणीतरी 'गाडी हलकी पळेल' असे सांगितलेले असते.

कार्बुरेटरच्या मोटारीत झडप कार्बुरेटरमध्येच असल्याने तेवढीच काढून विजेची झडप लावता येत नाही. इंधन इंजेक्शन, त्याचा पंप, संवेदक आणि संगणक हे सारेच नवे करावे लागते. म्हणजे प्रश्न थ्रॉटलचा न राहता संपूर्ण इंधनव्यवस्थेचा होतो. इंजेक्शन असलेल्या परंतु तारेने चालणाऱ्या मोटारीत काम तुलनेने सोपे असते; तरीही दोन संवेदकांचे पेडल, योग्य मापाचे थ्रॉटल, आणि या दोहोंची पडताळणी करू शकणारा संगणक, हे तिन्ही एकमेकांशी जुळणारे हवेत. निरनिराळ्या भंगारातून तीन वस्तू आणून तारा जोडल्याने ही व्यवस्था उभी राहत नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाडीला तर थ्रॉटलच नाही. तेथे पंपाची दांडी हलविणारी मोटर बसवावी लागते, आणि ती नादुरुस्त झाल्यास दांडी मागे आणणारी स्वतंत्र, दणकट स्प्रिंग असणे अपरिहार्य ठरते.

याखेरीज जुन्या वाहनाच्या वायरिंगचा विचार करावा लागतो. संवेदकांना साधारण ५ व्होल्टचा अगदी स्थिर पुरवठा लागतो. वीस वर्षांच्या गाडीत अर्थिंगचे जोड गंजलेले असतात, स्टार्टर फिरविताना बॅटरीचा दाब खाली जातो, आणि पेंढ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. चांगली व्यवस्था अशा प्रसंगी गाडी मंद करून चालकाला सुरक्षित ठेवील. अपुरी व्यवस्था काय करील याचा नेम नाही.

बाजारात आणखी एक वस्तू मिळते, तिच्याबद्दलही सावध करणे इष्ट आहे. मुळातच इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या मोटारीच्या पेडलजवळ एक छोटी डबी जोडतात आणि 'ताकद वाढली' असे सांगतात. ती डबी पेडलची सूचना वाढवून संगणकाकडे पाठविते, म्हणून थोडा पाय दाबला तरी झडप अधिक उघडते. इंजिनाची कमाल शक्ती तिने वाढत नाही. गर्दीच्या बाजारपेठेत किंवा ओल्या वळणावर मात्र पायाचा अंदाज चुकण्याचा धोका वाढतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलणे, इंधन बदलणे यांसारख्या ज्या बदलांना वाव आहे, त्यांसाठी विहित रीत आणि मान्यता आहे. २०१९ च्या सुधारणेने घातलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. तिचा लाभ रीतसर घ्यावा.

महाराष्ट्राचे भाग्य असे की वाहनांची तपासणी करणाऱ्या देशातील प्रमुख संस्था आपल्या राज्यात आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून कार्यरत आहे, आणि सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्थाही पुणे परिसरातच आहे. अशा मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला संच आणि रस्त्याकडेच्या दुकानातील विनानावाचा संच यांत किमतीचा फरक असेलच. तो फरक या तपासणीचा मोबदला आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, त्या वेळी अनधिकृत बदल उघडा पडतो हेही मालकांनी लक्षात ठेवावे.

टँकर आणि शाळेची गाडी

आपल्या तालुक्यांत जुन्या वाहनाच्या रेसवर विजेचे नियंत्रण बसविण्याचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष प्रयोग हौशी मोटारींवर झालेला नाही. तो वेगनियंत्रकाच्या रूपाने व्यावसायिक वाहनांवर झाला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ मध्ये २०१५ साली सुधारणा झाली. तदनुसार परिवहन वाहनांना ताशी ८० किलोमीटरची, आणि डंपर, टँकर, शालेय बस व धोकादायक माल नेणारी वाहने यांना ताशी ६० किलोमीटरची कमाल मर्यादा राखणारे वेगनियंत्रक आवश्यक करण्यात आले. चालकाखेरीज आठपर्यंत प्रवासी नेणारी आणि साडेतीन टनांच्या आतील चारचाकी प्रवासी वाहने यांतून वगळलेली आहेत. म्हणून लहान जीपच्या बाबतीत चालकाचा विवेक हाच नियंत्रक ठरतो.

हे उपकरण चाकांच्या वेगाची सूचना घेते. मर्यादा गाठली की जुन्या डिझेल गाडीत ते इंधनाचा पुरवठा रोखते किंवा पंपाच्या दांडीला आवर घालते. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाडीत ते पेडलची सूचना अडवून कमी करते. त्याच्या जोडांवर सील असते. हे सील तोडून किंवा तारा सोडवून उपकरण निकामी करता येते, हे चालक आणि मालक दोघेही जाणतात. शोभेपुरते उरलेले वेगनियंत्रक म्हणजे पडताळणी काढून टाकलेल्या यंत्रणेचेच दुसरे रूप होय.

येथे आपल्या तालुक्यांची एक विशेष परिस्थिती नमूद करावीशी वाटते. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. भातसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा हेही मुंबईची तहान भागवितात. तरीही उन्हाळ्यात शहापूरच्या डोंगराळ भागातील आणि मुरबाडच्या काही गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन. टाकी अर्धी भरलेली असेल तर हे पाणी आत हिंदकळते. ब्रेक लावल्यावर ते पुढे धावून गाडीला ढकलते, वळणावर बाजूला झुकविते. दिवसाला ठरलेल्या खेपा पुऱ्या करण्याची घाई असेल तर चालकाचा पाय जड होतो, आणि रस्त्याच्या कडेला हंडे घेऊन उभ्या असलेल्या स्त्रिया व मुले त्या घाईच्या वाटेत येतात.

शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात गणिताने सांगावी. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० वरून ६० किलोमीटर वेग झाला तर वेग दीडपट होतो, परंतु ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाच्या ध्यानात धोका येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो सेकंद जातो, तेवढ्यात वर्गखोलीच्या लांबीच्या दुप्पट अंतर कापलेले असते. विद्यार्थ्याला हे एकदा पटले की घरी तो वडिलांना किंवा मामाला सांगितल्यावाचून राहत नाही.

आपल्या हाती काय आहे?

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी. टँकर लावताना पाण्याच्या खेपांइतकीच वाहनाच्या स्थितीची नोंद घ्यावी. योग्यता प्रमाणपत्र चालू आहे काय, वेगनियंत्रकाचे सील शाबूत आहे काय, आणि पाय उचलल्यावर रेस तत्काळ खाली येते काय, या तीन बाबी नोंदवहीत लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. तिसरी बाब तपासण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. उभ्या गाडीचे इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करावे, रेस देऊन पाय एकदम उचलावा, आणि आवाज क्षणात खाली येतो की रेंगाळतो ते ऐकावे. रेंगाळला तर ती गाडी त्या दिवशी घाटात किंवा शाळेच्या फेरीवर पाठवू नये.

महाराष्ट्राच्या शालेय बसविषयीच्या २०११ च्या नियमांनी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीची कल्पना आणली. ही समिती कागदावर न राहता सत्राच्या आरंभी आणि पावसाळा संपल्यावर अशी दोनदा गाडीजवळ जाऊन उभी राहिली, तर तिचे सार्थक होईल. गाडी कंत्राटदाराची असली तरी मुले शाळेची आहेत.

अधिकारी मित्रांना सुचवावेसे वाटते की नुसती दंडाची भीती पुरत नाही. योग्य काम कोठे होते हेही लोकांना सांगावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना संवेदक, मल्टिमीटर, वायरिंगचा नकाशा आणि दोषसंकेत वाचण्याचे यंत्र यांचा सराव मिळाला, तर शहापूर, मुरबाड, सरळगाव, किन्हवली, खर्डी येथील गॅरेजांतच हे ज्ञान उतरेल. आज अशा दुरुस्तीसाठी गाडी कल्याण किंवा ठाण्याला न्यावी लागली, तर खर्च टाळण्यासाठी माणूस अर्धवट उपाय शोधतो. त्या अर्धवट उपायातूनच अपघात संभवतात.

वाहनधारकांनी आपली जुनी मोटार मुळात तारेची असेल तर ती तारेचीच उत्तम राखावी. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तार नळीतून काढून पाहावी; एक जरी सूत तुटलेले आढळले तर सांधत न बसता नवी घालावी. स्प्रिंग बदलावी. पेडलखालची जागा मोकळी ठेवावी. इंजिनबदलासारख्या खऱ्या कारणासाठी विजेचे थ्रॉटल बसवायचेच असेल, तर संपूर्ण जुळणारा संच, मान्यता आणि लेखी हमी या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय बसवू नये. काम झाल्यावर मिस्त्रीसमोर, गाडी उभी असताना, चाके अडवून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पेडलच्या एका संवेदकाचा जोड सोडून दाखविण्यास सांगावे. इंजिन आपोआप मंद झाले आणि धोक्याचा दिवा लागला तर पडताळणी जिवंत आहे. इंजिन पूर्ववत रेस घेत राहिले तर गाडी ताब्यात घेऊ नये.

चालकांसाठी शेवटची सूचना. चालत्या गाडीत रेस अडकली तर हात खाली घालून पेडल ओढण्याचा प्रयत्न करू नये. क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. इंजिन ओरडू लागले तरी ओरडू द्यावे. ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा. गाडी कडेला थांबल्यावर इंजिन बंद करावे. चालत्या गाडीची किल्ली काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग अडकण्याचा धोका असतो. ही कृती प्रत्येक चालकाने उभ्या गाडीत दोनचार वेळा करून अंगवळणी पाडावी.

मित्रहो, शहापूर तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. रस्ते वेगवान होत आहेत आणि त्यांच्याच शेजारच्या गावरस्त्यांवर जुनी वाहने आपले काम निमूटपणे करीत आहेत. त्यांना हिणविण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून अनेक पाड्यांची चूल आणि शाळा अडून राहील. तारेचा असो वा विजेचा, लगाम सोडताक्षणी गाडी आवरली गेली पाहिजे, एवढी एक कसोटी आपण प्रत्येक गाडीला लावू या. येत्या सोमवारी आपल्या गावात येणाऱ्या पहिल्या टँकरपासून आणि शाळेच्या पहिल्या फेरीपासून ही तपासणी सुरू व्हावी, अशी आपणां सर्वांस विनंती करून मी आपली रजा घेतो.